नाकतोड्यांचा शेवटचा चेंडू

वेस्का गावाची बेसबॉल टीम मे महिन्यात जन्माला आली आणि सप्टेंबरात तिच्यावर गाशा गुंडाळायची वेळ आली. नाव ग्रासहॉपर्स. नेब्रास्कातल्या मक्याच्या मुलखात नाकतोड्यांशिवाय दुसरं काय सुचणार? उड्या मारायचे खूप, पोचायचे कुठेच नाहीत. लीगमध्ये त्यांच्या खाली कुणीच नव्हतं.

मैदानावर आल्मा कोवांदा या विधवाबाईंकडे एक काम होतं. प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत आणायचा. क्लबकडे चेंडू मोजकेच, म्हणून नियम असा, की चेंडू परत करा आणि ग्लासभर लिंबू सरबत प्या. कुणी लपवालपवी केली, की आल्माबाई टोपली घेऊन समोर हजर.

"काय रे एमिल, पोट अचानक पुढे आलं तुझं?"

असं विचारलं, की गॅरेजवाला एमिल व्होंद्रा निमूटपणे शर्टातून चेंडू काढायचा. सगळा उन्हाळा असा गेला.

खेळाडूंना राहायला गावकऱ्यांनीच वाटून घेतलं होतं. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, लेस्टर प्रूइट आल्माबाईंच्या वाट्याला आला. पस्तिशीचा, आर्कान्सासचा, जेवणात पुढे आणि हरण्यातही पुढे. शेवटच्या सामन्याच्या सकाळी तो कॉफी ढवळत म्हणाला, "काकू, उद्यापासून मामाची लाकूडवखार. आख्ख्या उन्हाळ्यात मी एकही सामना जिंकून दिला नाही हो. एक तरी हवा होता, पोरीला सांगायला."

"आधी खा. उपाशीपोटी कुणी जिंकत नाही," आल्माबाई म्हणाल्या.

दुपारी सगळं गाव लोटलं. एवढी माणसं आधी आली असती तर टीम बुडाली नसती, पण आमच्या गावाला प्रेमाचं भरतं येतं ते निरोपाच्या वेळी! लेस्टर झकास टाकत होता. शेवटच्या डावात नाकतोडे एका धावेने पुढे होते आणि समोरचा एकच गडी बाद व्हायचा होता. त्या गड्याने चेंडू मागे प्रेक्षकांत उडवला. म्हणजे धाव नाही, बादही नाही, चेंडू पुन्हा टाकायचा. पंचाने नव्या चेंडूसाठी हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. पेटी रिकामी. दुपारभर बाहेर गेलेल्या चेंडूंपैकी एकही परतला नव्हता. सरबताचं पिंप काठोकाठ भरलेलं.

"यजमानांकडे चेंडू नसेल तर सामना पाहुण्यांचा," पंच म्हणाला. "लवकर बघा."

आल्माबाई टोपली घेऊन उठल्या. "चला, काढा! एमिल!"

एमिल आभाळाकडे बघायला लागला. "आल्मा, उद्या टीमच नसणार. घरात काही आठवण नको? दुसऱ्या कुणाचा तरी घे ना."

सगळ्यांचं तेच. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता.

आल्माबाईंना एरवी रागवायला वेळ लागत नसे. आज त्यांनी काखेतली पर्स घट्ट धरली. तिच्यात, मुरंबा भरलेल्या कोलाची पावांच्या फडक्याखाली, तिसऱ्या डावातला एक चेंडू होता. लेस्टर गेल्यावर घर पुन्हा गप्प होणार, या धास्तीने त्यांनी तो ठेवून घेतला होता. मैदानाच्या मधोमध लेस्टर टोपी चुरगाळत उभा होता.

त्यांनी पर्स उघडली आणि चेंडू सगळ्यांसमोर वर धरला. "घ्या! मीही चोरच!"

"अगं बाई, पोलीसच चोर!" एमिल ओरडला आणि सगळं मैदान खदखदून हसलं.

पाहुण्यांचा मॅनेजर धावत आला. "याला काहीतरी चिकटलंय! हा चेंडू बाद करा!"

पंचाने शिवणीत नख घातलं आणि बोट चाटलं. "आलुबुखाराचा मुरंबा. छान झालाय." चेंडू पँटला पुसून त्याने लेस्टरकडे फेकला.

लेस्टरने टाकला, फलंदाजाने उंच उडवला. लेस्टर मान वर करून भेलकांडत मागे गेला, आणि त्यानेच तो झेलला.

संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर त्याने तो डागाळलेला चेंडू स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "काकू, नियमाप्रमाणे परत."

आल्माबाईंनी त्याला सरबत दिलं आणि चेंडू उचलून त्याच्या बॅगेत कोंबला. "पोरीला नुसतं सांगतोस काय? दाखव."

"मग तुम्हाला काय राहिलं?"

त्या पाठमोऱ्या होऊन ओटा पुसायला लागल्या. डोळे भरून आले. तेवढ्यात दार वाजलं. एमिल उभा होता, हातात चेंडू. त्याच्यामागे फाटकापर्यंत माणसंच माणसं, प्रत्येकाचा एक हात खिशात.

"सरबत शिल्लक आहे ना गं?" एमिलने विचारलं.

आल्माबाईंनी पदर खोचावा तसा एप्रन आवळला आणि लिंबांची पाटी लेस्टरपुढे सरकवली. "पिंप मैदानावरच राहिलंय. तुझी बस सुटायला अजून वेळ आहे. पिळायला लाग."