उजव्या हाताची भिंत

मी ओळंबा बोलतोय. हो, तोच, गवंड्याच्या पिशवीतला, दोरीला लटकणारा पितळी गोळा. भिंत सरळ आहे की वाकडी एवढं सांगायचं माझं काम. त्यामुळे लोक मला साधाभोळा समजतात. समजोत बापडे. पण माझ्यासारखा डूख धरणारा तुम्हाला अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. एका माणसावर मी गेली दहा वर्षं दात धरून आहे. त्याचं नाव राज.

जन्म माझा तांबट आळीतला. मोडीत आलेल्या एका घंगाळाचं पितळ वितळवून मला ओतलं, खाली टोक काढलं, वर दोरीसाठी भोक पाडलं. कोंडाजी गवंड्यानं मला दुकानात उचललं, तळहातावर तोललं आणि कानाशी नेऊन टिचकी मारली. दुकानदार हसायला लागला. कोंडाजीनं त्याला सांगितलं की आत पोकळ असला तर वाऱ्यानं हलतो, तसला मला नको. मी भरीव निघालो आणि त्याच्या पिशवीत गेलो. पुढची वीस वर्षं पेठरोडच्या त्याच्या खोलीतून रोज सकाळी निघायचं आणि कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला पाठ लावून लटकायचं, असा आमचा संसार चालला होता.

ब्याण्णव साली छायाताई भेटली. नाशिकरोडच्या प्रेसमधल्या कामगाराची मुलगी, शिकून आर्किटेक्ट झालेली. कॉलेजात तिच्याच वर्गात असलेला राज तिचा भागीदार होता. नाशकातल्याच द्वारका चौकात टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन दोघांनी ऑफिस थाटलं होतं. खालून ट्रक गेला की टेबलावरची पेन्सिल घरंगळायची. ती घरं काढायची आणि तो गिऱ्हाइकांशी बोलायचा. बोलण्यात राजचा हात कुणी धरला नसता, एवढं मी शत्रू असूनही कबूल करतो.

छायाताईचं वेड निराळं होतं. घर उन्हाळ्यात पंख्याशिवाय गार राहिलं पाहिजे, छपरावरचं पाणी जमिनीत जिरलं पाहिजे, दगड-वीट जवळची पाहिजे, आणि एक घर दुसऱ्यासारखं दिसता कामा नये. पश्चिमेची भिंत ती कायम पोकळ बांधायची. वीट उभी लावायची, मध्ये हवेला जागा सोडायची, आणि त्या भिंतीला एकही खिडकी ठेवायची नाही. दुपारचं ऊन तिथंच अडायचं. असली नाजूक भिंत बांधणारा हात फक्त कोंडाजीकडे होता, म्हणून तिनं त्याला शोधून काढला होता.

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. नकाशात उत्तर दिशा वर असते. कोंडाजीला अक्षर येत नव्हतं. साइटवर तो कागद घेऊन गोल गोल फिरला, कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि शेवटी हात टेकून म्हणाला,

"ताई, ह्या कागदात मी उभा कुठं हाय?"

ताई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सगळा नकाशा नव्यानं काढला. रस्ता आणि गेट कागदाच्या खालच्या बाजूला. रस्त्याकडे पाठ करून कोंडाजी गेटात उभा राहिला की कागदावरचं उजवं ते त्याचं उजवं आणि डावं ते डावं. तेव्हापासून तिचा प्रत्येक नकाशा असाच निघायला लागला. आणि उत्तरेचा बाण काढायचा तिनं सोडूनच दिला, कारण ते काम माझ्याकडे आलं.

ते कसं, तेही सांगतो, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा काळ तो. मोकळ्या जागेवर तीन बांबूंची तिकाटी उभी करायची, मला मध्ये लटकवायचं, आणि माझं टोक जिथं येईल तिथून जमिनीवर एक गोल काढायचा. माझ्या दोरीत एक गाठ असे. सकाळी त्या गाठीची सावली गोलाला टेकली की तिथं खुंटी. दुपार कलल्यावर सावली पलीकडून पुन्हा टेकली की दुसरी खुंटी. दोन्ही खुंट्यांना सूत बांधलं की झाली पूर्व-पश्चिम. मग कोंडाजी पश्चिमेकडे हात करायचा आणि ताई आपला कागद तपासायची. ते जुळलं की मगच पाया खणायचा. राज या सगळ्याला खेळ म्हणायचा. साइटवर तो यायचा तो फोटोपुरता.

मखमलाबादला वत्सलाबाई नावाच्या रिटायर झालेल्या शिक्षिकेचं घर आम्ही असं बांधलं. मे महिन्यात भर दुपारी बाई पंखा बंद करून गोधडी शिवत बसायच्या. लोक बघायला यायचे, भिंतीला हात लावायचे, आणि पाणी पिऊन जायचे.

त्यातच एकदा पिंपळगाव बसवंतचे गोटीरामअण्णा आले. द्राक्षाचं मोठं काम, स्वतःचं कोल्ड स्टोरेज. सोबत बायको विमलाबाई. द्राक्षं गार ठेवणाऱ्या माणसाच्या घरात बायको उकाड्यानं हैराण होती. विमलाबाई वत्सलाबाईंच्या घरात तासभर बसून राहिल्या आणि उठताना नवऱ्याला म्हणाल्या की मला हेच पाहिजे. अण्णांनी गावाबाहेर रस्त्यालगत प्लॉट घेतला होता. ताईनं त्या घरावर सात महिने घातले. तिच्यासाठी ते नुसतं घर नव्हतं. हे एक घर उभं राहिलं असतं तर तिची पद्धत सगळ्या जिल्ह्यानं मानली असती, आणि तिचं नाव झालं असतं.

आणि राजनं ते नाव चोरलं. दुसरा शब्द मला येत नाही. नकाशा पुरा झाला त्या आठवड्यात तो अण्णांना एकटा भेटला. डोकं माझं, ती नुसत्या रेघा ओढते, असं त्यानं सांगितलं. सोमवारी ताई ऑफिसात आली तेव्हा टेबल रिकामं होतं, नकाशाही नाही आणि राजही नाही. कोंडाजीची पिशवी ऑफिसातच असायची. तिच्यातून मलाही उचललं होतं, नव्या ऑफिसात शोभेला म्हणून.

कॉलेजरोडला त्याच्या एसी केबिनमध्ये मी छताला टांगला गेलो. एसीच्या वाऱ्यानं मी दिवसभर हलायचो. ज्याला हलत नाही म्हणून निवडलं, त्याची ही दशा. तीन दिवसांनी कोंडाजी मला मागायला आला. राजनं त्याला दारातच चपलांजवळ उभं केलं आणि सांगितलं की बाबा, बाजारात नवा घ्या, हा इथं बरा दिसतो. कोंडाजीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पाठ फिरवून गेला. मी त्या दिवशी शपथ घेतली. ओळंब्याला हात नाहीत, पाय नाहीत, सूड उगवणार कसा, हा प्रश्न होताच. पण मला घाई नव्हती.

आणि सूड आयता चालून आला. अण्णांनी बेत बदलला. त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूला मोठा प्लॉट मिळाला, तो घेऊन टाकला. राजनं ताईचा नकाशा टेबलावर पसरला, बरोबर माझ्या खाली. नव्या प्लॉटचा कागद शेजारी ठेवला. गेट खाली, रस्ता खाली, आणि रिवाजाप्रमाणे वर उत्तर. सगळं चपखल बसलं. तो शीळ वाजवायला लागला.

आता तुम्हीच बघा. एका रस्त्याच्या अल्याड उभे राहा, रस्त्याकडे पाठ करून, आणि पश्चिम उजव्या हाताला येऊ द्या. मग रस्ता ओलांडून पल्याड जा आणि तशीच पाठ करा. पश्चिम डाव्या हाताला जाते. ताईची ती आंधळी पोकळ भिंत कागदावर उजवीकडे होती, आणि डावीकडे सकाळच्या उन्हासाठी मोठमोठ्या खिडक्या. नव्या जागेवर भिंत उगवतीला जाणार होती आणि खिडक्या मावळतीला. बाण असता तर राजला कळलं असतं. बाण नव्हता, मी होतो, आणि मला त्यानं शोभेला टांगलं होतं. मला वाचा असती तरी मी तोंड उघडलं नसतं. बांध लेका, म्हटलं, बांध.

घर दोन हजार एक साली उभं राहिलं. गेटापाशी दगडी पाटी लागली, तिच्यावर राजचं नाव. वास्तुशांत थंडीतली, त्यामुळे सगळ्यांनी वाहवा केली. मासिकात फोटो आले, ते राजनं केबिनमध्ये लावले, माझ्यासमोर. मी एप्रिलची वाट बघत होतो.

एप्रिल आला आणि त्या घराची भट्टी झाली. दुपारी तीननंतर हॉलमध्ये पाय ठेववेना. पडदे लावले, काचांना काळा कागद चिकटवला, एसी बसवले. राज फोनवर सांगायचा की पहिल्या वर्षी घर तापतंच, मग सवय होते. पुढच्या उन्हाळ्यात विमलाबाईंना जिन्यात चक्कर आली आणि हाताला प्लॅस्टर घालावं लागलं. हे फोनवर ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या बाईनं माझं काही बिघडवलं नव्हतं. तिचा विचार मी केलाच नव्हता.

पण बाई खमकी. प्लॅस्टरच्या हातानं ती मखमलाबादला गेली आणि वत्सलाबाईंना विचारलं की तुमचं घर गार आणि माझं असं का. वत्सलाबाईंनी सांगितलं की माझं घर राजनं नाही, छायानं काढलंय. दुसऱ्याच दिवशी विमलाबाईंनी ताईला आणि कोंडाजीला घरी बोलावलं, आणि अण्णांनी राजला. भिंतीत आपण लावलेल्या दुसऱ्या गवंड्याची चूक असणार, ती अण्णांना दाखवू, म्हणून राजनं मला छतावरून काढून सोबत घेतलं. एवढी वर्षं बोलत आलेल्या माणसाला आपण काय उचलतोय हेही कळलं नाही.

सकाळी नऊला सगळे जमले. राजनं मला भिंतीला लावलं. भिंत सरळ सुतात होती. दुसरीला लावलं, तीही सुतात. मग विमलाबाईंनी साधाच प्रश्न विचारला.

"ह्या उजव्या भिंतीला एक बी खिडकी का नाय, तेवढं सांगा. तुम्हीच काढलंय ना?"

राज काचेबद्दल बोलला, हवामानाबद्दल बोलला, भिंतीबद्दल एक अक्षर नाही. ताई गेटातून आत आली तेव्हाच तिनं एकदा सूर्याकडे बघितलं होतं आणि एकदा घराकडे. तिला सगळं कळलं होतं. राज मात्र नकाशात चूक नाही म्हणून अडून बसला. तेव्हा कोंडाजी पुढं झाला आणि त्यानं मला राजच्या हातातून काढून घेतलं. अहाहा! चार वर्षांनी तो हात लागला.

त्यानं अंगणात तिकाटी उभी केली. अंगणाला गुळगुळीत फरशी. बांबूचे पाय सरकतील, कुणीतरी धरून बसावं लागंल, असं तो म्हणाला आणि राजकडे बघितलं. बागेत दगडांचा ढीग पडलेला मला दिसत होता, पायांना तीन दगड लावले असते की झालं असतं. कोंडाजीला तो ढीग दिवसभर दिसलाच नाही. अण्णा राजला म्हणाले, बसा. साडेनऊपासून पावणेचारपर्यंत, एप्रिलच्या उन्हात, राजसाहेब उकिडवे बसून बांबू धरून होते. कोंडाजी सावलीत बसून मधून मधून पाणी पीत होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस.

दुसरी खुंटी ठोकली, सूत ताणलं. आंधळी भिंत उगवतीला. अण्णांनी ते सूत दोनदा चालून बघितलं. मग ताई पहिल्यांदा बोलली.

"अण्णा, हे घर मी समोरच्या प्लॉटसाठी काढलं होतं. घर बरोबर आहे. ते रस्त्याच्या चुकीच्या बाजूला आहे."

अण्णा तिथल्या तिथं राजची पाटी काढायला निघाले. तिची लावतो म्हणाले. मला वाटलं आता ताई हसेल, सुखावेल. ती म्हणाली, असल्या घरावर माझं नाव नको. मग वर्षभर तिनं आणि कोंडाजीनं ते घर सुधारलं. पश्चिमेला खिडक्यांपुढं दुसरी पोकळ भिंत आणि वेलाची पडवी, पूर्वेला खिडक्या. पुढच्या मे महिन्यात विमलाबाई दुपारी हॉलमध्ये चटई टाकून झोपल्या, त्या दिवशी ताईनं पाटी लावू दिली. छाया गांगुर्डे, आणि खाली कोंडाजी गवंडी. कोंडाजीनं आपलं नाव बोटानं चाचपून बघितलं.

आता दोन हजार आठ साल. कोंडाजीचे गुडघे गेलेत, भिंती आता लेझरवर तपासतात. मी द्वारकेच्या त्याच ऑफिसात खिडकीशी लटकतो. ताईला आता हाताखालची पाच माणसंही पुरत नाहीत एवढं काम आहे. माझा सूड झाला म्हणून मी निवांत होतो.

आणि काल राज आला. तेच जिने चढून. केस पिकलेत. गंगापूररोडला स्वतःसाठी घर बांधतोय. खुर्चीच्या कडेवर बसला, बराच वेळ चहा फुंकत राहिला, आणि शेवटी म्हणाला,

"छाया, एवढी दिशा काढून दे."

नाही म्हण, नाही म्हण, म्हणून मी जीव तोडून विनवत होतो. ताई उठली, मला खिडकीवरून काढलं, दोरी गुंडाळली आणि कोंडाजीच्या पिशवीत ठेवलं. कोंडाजीनं तर कधीच माफ करून टाकलंय. जमीन मुरमाड आहे, पायांना दगड आणून ठेवा, असं त्यानं राजला आपणहून सांगितलंय.

मी माफ केलेलं नाही. चपलांजवळ उभा केलेला माझा म्हातारा मी विसरलेलो नाही. पण उद्या सकाळी मला त्याच्या जमिनीवर टांगतील, आणि मी सरळच लटकेन. वैऱ्याच्या घरासाठीसुद्धा केसभर वाकडं लटकता येत नाही मला, घडवतानाच तसा घडवलाय. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचा जो कुणी देव असेल त्याला सांगा, उद्या साडेनऊच्या सुमाराला गंगापूररोडला जरा वारा सोड. फार नको. बोटभर हललो तरी पुरे.