गेला म्हणजे

होदन वर्षं मोजत नाही, पंतप्रधान मोजते. लग्न पहिल्याच्या वेळी, मुलगी इफ्राह दुसऱ्याच्या, अमेरिकेचं विमान तिसऱ्याच्या. "सोमालियाचं सरकार टिकत नाही, पण मोजायला बरं पडतं," म्हणते. "मृनाल, तुम्हारे यहाँ कितने हुए?" तिनं एकदा विचारलं. माझ्या लग्नापासूनचा एकच होता. "बोअरिंग कंट्री," ती म्हणाली.

अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तिचं दार आमच्या दारासमोर. हिंदी तिचं सगळं सिनेमातलं, लहानपणी मोगादिशूच्या थिएटरात शिकलेलं. त्यामुळे वाटीभर दूध मागतानाही ती "तुम्हें मेरी कसम" म्हणते. ती हॉटेलच्या लाँड्रीत कामाला जाते तेव्हा चार वर्षांची इफ्राह माझ्याकडे असते. शनिवारी दोन तास माझी तान्ही आसावरी तिच्याकडे. ते दोन तास माझे. त्यातला एक मी झोपते आणि दुसऱ्यात हे लिहिते.

तिचा नवरा लिबान जानेवारीत मोगादिशूला परत गेला. चौथ्या पंतप्रधानांच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करायला माणूस हवा होता. "देशाला टायपिस्ट नको?" एवढंच म्हणाला म्हणे. तिथे वरचा माणूस बदलला की चहा देणाऱ्यापर्यंत सगळे बदलतात. आणि बदलतात म्हणजे घरीच पाठवतात, असं नाही. हे मला होदननं चादरीची दोन टोकं माझ्या हातात देऊन, घडी घालता घालता सांगितलं होतं.

त्या सोमवारी माझा नवरा शैलेंद्र नेहमीसारखा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून त्याच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात निघाला. "चल, जातो."

"जातो काय? येतो म्हण."

"अगं, फॅबमध्ये चाललोय. लढाईवर नाही."

"म्हण."

"येतो, बाई, येतो."

इफ्राहला सोडायला आलेली होदन दारात हसत उभी होती. हे रोजचं नाटक तिला पाठ होतं. अर्थही तिनं मला कधीच विचारून घेतला होता. मी सांगितलं होतं, आय अ‍ॅम कमिंग.

अकराला आसावरी झोपली आणि फोन वाजला. होदन कामावर असते म्हणून तिनं माझा नंबर नैरोबीच्या दिराला देऊन ठेवला होता. लाइनवर समुद्रासारखा आवाज. "सिस्टर, टेल होदन. प्राइम मिनिस्टर इज गॉन."

"गॉन?"

"येस, गॉन. लिबान ऑल्सो गॉन." आणि फोन कट.

मी रिसीव्हर तसाच धरून उभी राहिले. पंतप्रधान गेले. लिबानपण गेला. पुढे इफ्राह गालिच्यावर बसून माझ्या डब्यांची झाकणं आकाराप्रमाणे लावत होती. "आंटी, धिस वन हॅज नो मॉमी," एक सुटं झाकण दाखवत ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

टीव्ही लावला. सगळीकडे कॅलिफोर्नियातल्या आगी. सोमालियाला कुठेच जागा नव्हती. शैलेंद्रला फोन केला, तो क्लीनरूममध्ये, फोन बाहेर लॉकरात. दोन मेसेज ठेवले, दुसऱ्यात नुसती रडले.

होदन तीनला येणार होती. चार तास मी वाक्य जुळवत होते. आधी पाणी द्यायचं? आधी बसवायचं? की तिला कामावरून आत्ताच बोलावून घ्यायचं? इफ्राहला वरणभात भरवला. तिनं "मोअर तूप" मागितलं. तूप वाढताना वाटलं, ही आता बापाशिवायची आहे आणि हे जगात फक्त मला माहीत आहे. मग आसावरीला उचललं ते खाली ठेवलंच नाही. ती झोपेतच होती, तरी.

तीनला होदन आली. माझं तोंड बघून पर्स तिच्या हातातून सुटली. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. दीर बोलला ते शब्द तसेच तिच्यासमोर ठेवले.

तिनं माझे दोन्ही दंड धरले. "क्या बोला? गॉन बोला, या डेड बोला?"

"गॉन."

"पक्का? मेरी कसम?"

"तुझी शपथ. गॉन."

ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला. "पागल! गॉन मतलब गया! कुर्सी गया! लिबान शहर छोड के गया!" डोळे पुसून तिनं मला विचारलं, "तुम्हारे यहाँ आदमी मर जाए तो क्या बोलते हैं?"

"गेला."

"और मार्केट जाए तो?"

"तेही गेलाच."

"तो तुम लोगों को पता कैसे चलता है?"

परत आला की कळतं, असं तोंडात आलं होतं, पण त्या क्षणी ते बोलण्यासारखं नव्हतं. कारण लिबान शहर सोडून निघाला होता खरा, पण कुठे पोचल्याचं कुणीच म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी शैलेंद्रनं बातमी वाचून सांगितली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला होता. ऑफिसातल्या टायपिस्टांबद्दल बातमीत काही नव्हतं. आठ दिवस होदन फोन उशाशी घेऊन राहिली. लाँड्रीतही तो एप्रनच्या खिशात. मीही आमचा फोन वाजला की आधी आसावरीला छातीशी धरायचे, मग उचलायचे. मध्ये एक हंगामी पंतप्रधान आले. "वो गिनती में नहीं," होदन म्हणाली, पण हसली नाही.

नवव्या दिवशी लिबान नैरोबीला पोचला. त्या दिवशी तिनं आमच्या दारावर दोन्ही हातांनी धडाधडा थापा मारल्या. आम्ही शिरा केला. आसावरीनं तो पहिल्यांदा चाखला. लिबानच्या परतीच्या, डिसेंबरच्या तिकिटाची चौकशी शैलेंद्रनं सुरू केली.

थँक्सगिव्हिंगला सगळ्यांना सुट्टी. होदन आणि इफ्राह आमच्याकडे जेवायला होत्या. पानं वाढतानाच तिचा फोन वाजला. ती सोमालीत बोलत होती. मला दोनच शब्द कळले, प्राइम मिनिस्टर. मग तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "नया वाला आ गया. पाँचवा. लिबान को बुलाया है."

"मग?"

"जाएगा. बोलता है, एक महीना. सिर्फ एक महीना."

शैलेंद्र डाव हातात घेऊन तसाच उभा. इफ्राह पापड मोडत होती. होदननं मला विचारलं, "वो क्या है, जो तुम दरवाजे पे बुलवाती हो?"

"येतो."

तिनं फोन कानाला लावला आणि लहान मुलाला शिकवावं तसं तोडून तोडून म्हणाली, "लिबान. बोलो. ये-तो." तिनं फोन कानाशी घट्ट दाबला. मग तिचा चेहरा सैल झाला. तिनं फोन बंद केला.

"म्हणाला?"

"बोला. दो बार." ती पानावर बसली. भात कालवला, पण घास उचलला नाही. "मृनाल, रोज शैलेंद्र बोलता है, तो वो दरवाजे के अंदर आता है कि बाहर जाता है?"

मी तिला अर्धाच अर्थ सांगितला होता. मी आसावरीच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"बाहेर जातो," मी म्हटलं. "जाणाराच म्हणतो."