सहीची ओळ

"मिस्टर पेलेटिए, संगणकाचा कर्नल या कॅमेऱ्याला कधीपासून ओळखायला लागला?"

आयलाने विचारलं खरं, पण मागच्या टेबलावर ब्री आणि मॅडी हसू दाबत बसल्या होत्या. संगणकांचं बघणाऱ्या पेलेटिएंना काही विचारलं की ते उलट प्रश्नच टाकतात, हे थंडर बेच्या वाचनालयात सगळ्यांना ठाऊक. विचारून दाखवलंस तर गुलाबी आयसिंगचा पर्शियन बन आमच्याकडून, अशी पैज होती.

कॅमेरा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचा. नव्या संगणकांवर तो डोळाच उघडत नव्हता, म्हणून शुक्रवारी भंगारात जायचा होता. आयलाचा शेवाळाचा प्रकल्प त्याच्यावरच अडला होता.

"ओळखतो हे तुला कोण म्हणालं?" पेलेटिए म्हणाले. मागून खुसखुस.

"कर्नलच्या फाइलमधली ही बघा ना ओळ. कुणा बाईंनी सहा वर्षांपूर्वी लिहिलीय."

"लिहिलीय, की नुसती हलवलीय?"

आयला जुन्या बदलांच्या नोंदींत आणखी मागे गेली. त्या बाईंनी फक्त समास सरळ केला होता. त्यामागच्या बदलात अख्खी फाइलच जागा बदलून बसली होती. त्याच्याही मागे, अकरा वर्षांपूर्वी, कुणीतरी एकच ओळ घातली होती: कॅमेऱ्याचा नंबर. कर्नल हा संगणकाचा कारभारी. ज्याचा नंबर त्याला माहीत नाही, त्याला तो दारातच ठेवतो. आयलाने कॅमेरा उलटा करून नंबर ताडून पाहिला. ओळीत शेवटी एक होता, कॅमेऱ्यावर दोन.

"म्हणजे याला कधी ओळखलंच नाही. थोरल्याला घरात घेतलं, धाकटा बाहेरच."

"मग धाकट्याची ओळख कोण करून देणार?"

तिने थोरल्याच्या ओळीखाली धाकट्याची ओळ लिहिली. कर्नल नव्याने बांधून होईपर्यंत मॅडीने दोनदा घड्याळ पाहिलं. मग पडद्यावर हिरवंगार शेवाळ पसरलं.

"दोन पर्शियन घे बाई," ब्री म्हणाली.

"आता ही ओळ कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठव, सगळ्यांसाठी," पेलेटिए म्हणाले. "शेवटी सहीची ओळ लागते. स्वतःच्या नावाची. तुझं ते इंटरनेटवरचं टोपणनाव 'मूनमूस' चालायचं नाही."

"नंतर पुसता येते?"

"अकरा वर्षांपूर्वीची तुला आज सापडली ना?"

घरी नियम होता: अठरा पूर्ण होईपर्यंत इंटरनेटवर खरं नाव नाही. नियम आईचा, पहारा बाबांचा. आयलाने जेवण होऊ दिलं, ताटं स्वतः उचलली. आईने लगेच ओळखलं. "काय फोडलंस?"

"काही नाही. आई, बाबा, उद्या मी एक ओळ पाठवणार आहे, खाली आयला मारिया निस्कानेन अशी सही करून. ती कधीच पुसली जाणार नाही. पाठवण्याआधी तुम्ही वाचा, शंका काढा. पण मी विचारत नाहीये, सांगतेय."