पुराव्याचा कागद

भिंगरीने हॅक-बिक काही केलं नव्हतं. निकालाची लिंक उघडेना, म्हणून तिने पत्त्याचं शेपूट खोडून एंटर दाबलं, एवढंच. तर पुढ्यात शाळेच्या वेबसाइटच्या फाइलींची यादीच पसरली! साइटची रोज एक नक्कल काढणारं प्लगिन ती नक्कल चक्क उघड्यावर टाकत होतं. एका फाइलमध्ये मुलांनी समुपदेशक बाईंना फॉर्मवरून लिहिलेलं सगळं होतं, नावानिशी. फॉर्मवर मात्र ठळक अक्षरांत होतं, ‘हे फक्त बाई वाचतील.’

तिनेही लिहिलं होतं. त्या यादीत स्वतःच्या ओळीही दिसल्या.

धावतपळत तिने संगणकाच्या सरांना गाठलं.

“सर, हे आत्ताच्या आत्ता बंद करा ना!”

सरांनी लॉगिन केलं. प्लगिनपुढे ‘सुरक्षेसाठी तातडीने अपडेट करा’ अशी लाल पट्टी होती. तीन महिन्यांपूर्वीची. सरांनी झटकन संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवला.

“कुणाला बोललीस?”

“कुणालाच नाही.”

“शहाणी आहेस. जा वर्गात.”

केवढी कामगिरी केली आपण, या तोऱ्यात ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी आईलाच बोलावून घेतलं.

“तुमच्या मुलीने शाळेच्या साइटमध्ये घुसखोरी केलीय.”

“घुसले नाही हो बाई, सगळं सताड उघडं होतं! सरांना विचारा.”

सर खिडकीबाहेर बघत होते, जणू मैदान आज पहिल्यांदाच दिसत होतं.

“उलट उत्तरं नकोत. सर, पुरावा?”

सरांनी त्या फाइलचं एक पान छापून आणलं होतं. बाकीच्या मुलांचा मजकूर काळ्या पेनाने गिरवून टाकलेला. तिचा तेवढा ठेवलेला.

“तो कागद आईला नका देऊ! मी घुसले, बास? लिहून देते, हवं तर!”

“बघा, कबूल करतेय,” सर म्हणाले.

आईने चष्मा लावला.

‘आई कामावरून आली की मी अभ्यासाचं सोंग घेते. म्हणजे बोलावं लागत नाही. बोलली की ती माझ्या चुकाच मोजते.’

आईने ते दोनदा वाचलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

“किती दिवस घरी ठेवू हिला?”

“आठवडाभर.”

संध्याकाळी भिंगरीने फोनवर तो पत्ता पुन्हा उघडला. यादी तशीच होती, वर आजची ताजी नक्कल. तेवढ्यात चपला वाजल्या. सवयीने तिने पुस्तक ओढलं, मग मुद्दाम मिटलं आणि खोलीच्या दाराकडे तोंड करून बसली.

आई उंबऱ्यापाशी थांबली. आत आली नाही.

“चालू दे तुझा अभ्यास,” ती म्हणाली आणि दार हलकेच ओढून घेतलं.