डाव्या बाजूची भिंत

कॉलेजांचा फुटबॉलचा गट फुटला तेव्हा आमच्याकडे मसूर काढायचं काम चालू होतं. कापणीयंत्राच्या केबिनमधल्या रेडिओवर बातमी आली आणि टेकडीटेकडीवरची यंत्रं एकेक करून थांबली. किनाऱ्याचं विद्यापीठ टीव्हीच्या पैशामागे लागून पूर्वेकडच्या मोठ्या गटात गेलं होतं. त्याच्यामागे दुसरं गेलं, मग तिसरं. पणजोबांपासून दर शनिवारी ज्यांच्याशी फुटबॉलच्या मैदानावर भांडत आलो, ते सगळे बघता बघता उठून गेले, आणि टेकडीवरचं आमचं कॉलेज उठलेल्या पंगतीत एकटंच पान मांडून बसल्यासारखं राहिलं. भांडायलासुद्धा सोबत लागते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गाड्या लावून, मांस भाजत बसणाऱ्या आमच्या बायकांनी त्यावर गाणं केलं:

नदी गेली बाई नदी, खाऱ्या पाण्याच्या सासरी,
गहू तहानेला ठेवला, तिने आपल्या माहेरी.

गाऊन गाऊन लोकांचा राग हळूहळू निवला. व्हर्ना हॅगस्ट्रॉमचा निवला नाही. तिचा राग विद्यापीठावर नव्हताच. तो एका माणसावर होता.

रॉस ब्रॉकेट हा टेकडीच्या संघाचा कोच. व्हर्नाचा नवरा ऑरिन अंथरुणाला खिळला तेव्हा तो घरी आला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून खाटेशी बसला, ऑरिनचा वाळलेला हात हातात घेतला आणि म्हणाला, तुझा डॅलिन टेकडीसाठी खेळेल, आणि तो खेळून होईपर्यंत मी इथेच उभा असेन. जन्मभर मोजकं बोललेला ऑरिन त्या दुपारी औषधाशिवाय झोपला. पुढच्याच आठवड्यात ब्रॉकेट किनाऱ्याच्या विद्यापीठाचा कोच होऊन गेला. जाताना मदतनीस नेले, चांगले खेळाडू नेले. ऑरिनला ते टीव्हीवरून कळलं. त्याने कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं, आणि बर्फ वितळायच्या आत तो गेला. ब्रॉकेट आला नाही. त्याने फुलांचं चक्र पाठवलं, त्याच्या रिबिनी किनाऱ्याच्या रंगाच्या होत्या. व्हर्नाने ते डुकरांपुढे टाकलं आणि डुकरं खाईपर्यंत कुंपणाशी उभी राहिली.

पोरगा मात्र वाढत होता. दारातून आत येताना मान वाकवायचा, बाकावर बसला की बाक कण्हायचा. आणि डॅलिन नुसता थोराड नव्हता, चेंडू फेकणाऱ्याला राखायला पोरांची जी भिंत उभी राहते, तिच्या डाव्या टोकाला तो खेळायचा. चेंडू फेकणारा उजवीकडे बघतो, त्याला न दिसणारा घाव डावीकडून येतो. ती बाजू जो राखतो, तो फेकणाऱ्याची हाडं राखतो. अशी पोरं थोडी असतात. त्यांच्यासाठी कोच डोंगर ओलांडून येतात आणि त्यांच्या आयांच्या हातचं जेवून, वाखाणून, पुन्हा वाढून घेतात.

ब्रॉकेटही आला. व्हर्नाने त्याला भाजलेलं मांस वाढलं, हकलबेरीची रानफळं भरून भाजलेला गोड 'पाय' वाढला, ऑरिनच्या खुर्चीवर बसवलं. तो म्हणाला की टेकडीचा आता कुठला गट नाही, ते सामने कोण बघणार? आमच्याकडे या, सगळा देश याला बघेल. डॅलिनने चमचा खाली ठेवला आणि लाजऱ्या पोरासारखं म्हटलं, "येतो, कोच." इतकं गोड म्हटलं की व्हर्नालाच क्षणभर भीती वाटली.

तिची अट एकच होती. डिसेंबरात पोरं कॉलेजांच्या कागदांवर सह्या करतात, त्या सही-दिवसापर्यंत कुणाला सांगायचं नाही, गाव चिडलेलं आहे, खिडक्या फोडतील. ब्रॉकेटला ते लगेच पटलं. आमच्या गावाला तो ओळखून होता.

तोंडी होकाराला कायद्यात किंमत नसते. सही होईपर्यंत पोरगा मोकळा. पण असा गुपचूप होकार मिळाला की कोच त्या जागेचा शोध थांबवतो आणि दुसऱ्या पोरांना नाही म्हणून टाकतो. व्हर्नाला तेवढंच हवं होतं, आणि डॅलिनला ते ठाऊक होतं. डिसेंबरात सगळी चांगली पोरं कुठे ना कुठे गेलेली असतील, आणि ब्रॉकेटच्या भिंतीला डावीकडे भगदाड राहील. टेकडीच्या नव्या कोचला तिने सांगून ठेवलं होतं की काहीही कानावर आलं तरी मुलगा तुमचा.

कानावर तर सगळ्यांच्याच आलं. ब्रॉकेटची गाडी तिच्या दारात गावाने पाहिली होती. मैदानाबाहेर दिव्याच्या खांबाजवळची जागा ऑरिनची म्हणून कायम सुटलेली असायची, तिथे त्या शनिवारी शेजाऱ्यांनी गाड्या दाटून लावल्या. व्हर्नाला भट्टी दूर, कचऱ्याच्या पिंपांपाशी मांडावी लागली. क्लीट मोल्स्टाड, ऑरिनचा शाळासोबती, हातात बिअर घेऊन मुद्दाम तिच्यासमोरून गेला.

"व्हर्ना, किनाऱ्याला मासे चांगले मिळतात म्हणे."

"मिळत असतील."

"आणि माणसं?"

तिने मांस उलटलं. धुराने डोळ्यांत पाणी येतं, ही सोय तिच्या कामी आली.

सही-दिवस उजाडला. टीव्हीवाल्यांनी डोंगराच्या या अंगाची सगळी पोरं जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये एकत्र बोलावली होती. लांब टेबल, प्रत्येकासमोर बोलावणाऱ्या कॉलेजांच्या टोप्या. आडनावांच्या क्रमाने एकेकाने उठायचं, एक टोपी डोक्यावर घालायची, कागदावर सही करायची. डॅलिनसमोर पाच टोप्या होत्या. टोकाला बसलेल्या थोराड पोरासमोर एकच होती, कुणी नावही न ऐकलेल्या छोट्या कॉलेजची.

तो एलिसेओ झमारिपा. व्हर्ना त्याच्या आईशेजारीच बसली होती. सोकोरो झमारिपा खोऱ्यातल्या सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होती. उन्हाळी शिबिरात दोघींची पोरं भिंतीच्या त्याच डाव्या टोकासाठी घाम गाळायची तेव्हा दोघी एका छत्रीखाली बसायच्या, सोकोरोने आणलेले, मक्याच्या पानात उकडलेले तमाले खायच्या.

व्हर्नाने विचारलं, एकच टोपी कशी? सोकोरोने सांगितलं की किनाऱ्याचीही होती. पोरगा ती घालून झोपायचा. मागच्या आठवड्यात फोन आला, जागा भरली. कुणी भरली ते सांगितलं नाही. तोपर्यंत बाकीची कॉलेजं आपापली पोरं घेऊन बसली होती.

ती जागा तिने भरली होती, हकलबेरीच्या पायने.

तेवढ्यात डॅलिनचं नाव पुकारलं. त्याने सरळ किनाऱ्याच्या टोपीकडे हात नेला. मागच्या बाकांवरून कुणीतरी थुंकल्याचा आवाज केला. डॅलिनने ती टोपी उचलली, कॅमेऱ्यापुढे धरली, शांतपणे टेबलाखाली सोडली आणि टेकडीची घातली. सगळा हॉल एकदम उठला. क्लीट मोल्स्टाड बाकावर चढून लहान पोरासारखा रडत होता. व्हर्ना कितीतरी महिने या घटकेवर जगली होती, आणि ती घटका गोड होती. खोटं कशाला सांगू, फार गोड होती.

तिचा फोन वाजला. ती भिंतीशी गेली.

"मॅडम, हे काय झालं?" ब्रॉकेट ओरडत नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ऑरिनला फुलं पाठवली होतीस ना," व्हर्ना म्हणाली, "त्याची परतफेड राहिली होती."

तो म्हणाला, "तुमच्या शब्दावर मी दुसऱ्या पोराला सोडलं."

"ऑरिनही तुझ्या शब्दावर औषधाशिवाय झोपला होता."

तिने फोन ठेवला. परत येऊन बसली तेव्हा टेबलावर अजून काही पोरं राहिली होती, एलिसेओ सगळ्यांत शेवटी. तो समोरच्या टोपीची कड बोटाने खालीवर करत होता. व्हर्नाने सोकोरोला सगळं सांगितलं, काही न गाळता. सोकोरोने तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

"म्हणजे तुझ्या नवऱ्याचा सूड," ती हळू म्हणाली, "माझ्या पोराच्या पाठीवर पाय देऊन घेतलास."

"हो."

"आणि माझं पोर रात्रभर रडलं."

त्याच वेळी सोकोरोच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. तिने काढून पाहिला. ब्रॉकेटचं नाव.

दोघींनीही ते नाव वाचलं. व्हर्नाच्या जिभेवर शब्द तयार होते, आणि ते खोटेही नव्हते. तो असाच आहे, उद्या दुसरा गट दिसला की तुझ्या पोरालाही टाकून जाईल, नको उचलू. एवढं बोललं की भगदाड भगदाडच राहणार होतं. तिने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. टोपीची कड खाली, वर.

"उचल," ती म्हणाली. दात उपटताना निघावा तसा तो शब्द निघाला.

"उचलणारच आहे. तुला विचारलंय कुणी?" सोकोरोने फोन मांडीवर उताणा ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. "पण वाजू दे जरा."

फोन तिच्या हातांखाली थरथरत राहिला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग तो बंद पडला, आणि व्हर्नाच त्याच्याकडे वाकली. समोर आणखी एका पोराने टोपी घातली, टाळ्या झाल्या.

"करतो परत," सोकोरो म्हणाली. आता तिने पहिल्यांदा व्हर्नाकडे पाहिलं. "गरज त्याला आहे."

फोन पुन्हा वाजायला लागला.