सातवं कडवं

दर मंगळवारी व्हिटबी बंदरातल्या पबमध्ये वरच्या खोलीत आम्ही लोकगीतं गातो. एकानं कडवी म्हणायची, बाकीच्यांनी फक्त ध्रुवपदाला साथ द्यायची, ही इथली रीत.

परवा एका अनोळखी बाईनं माझंच गाणं गायला घेतलं. माझा धाकटा भाऊ डिकन समुद्रात बुडाला, तेव्हा मी ते रचलं होतं. आणि ही म्हणते, "फार जुनं आहे, कुणी रचलं ठाऊक नाही." माझं डोकंच फिरलं.

"अहो बाई, रचणारा समोर बसलाय, जिवंत!"

"गप रे विल्फ," पबवाली थर्झा म्हणाली. "जुनं वाटलं, याहून मोठा मान कुठला हवाय तुला?"

सगळे हसले. मी राग गिळला.

गाणं सहा कडव्यांचं. सहावं संपलं तशी मी टाळी वाजवायला हात उचलले, पण बाई थांबली नाही. सातव्या कडव्यात थोरला भाऊ होडीतून बुडत्या धाकट्याचा दोर धरून असतो आणि मग तो दोर सोडून देतो.

ते कडवं मी लिहिल्या लिहिल्या शेकोटीत जाळलं होतं. कुणालाही दाखवलं नव्हतं.

मी खोलीभर पाहिलं. माझी नजर चुकवत सगळेच ते कडवं म्हणत होते. तोंडपाठ.