करपलेली भाकरी

नथू पाटील मोठा लेखक असेल तर तो पुण्यात. सिल्वासात तो धाग्याच्या कंपनीतला सुपरवायझर, आणि त्याच्या लिखाणाची परीक्षा घ्यायचा मान कोंडाबाईच्या तव्याचा.

दोघंही शिरपूरकडचे. वीस वर्षांपूर्वी तो कामाला आला तेव्हापासून तिच्या खानावळीत जेवतो. तिला वाचता येत नाही, म्हणून लिहिलेलं तो तिला वाचून दाखवी. समोर बसलं की बाई लाजते, म्हणून उंबऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून. प्रकरण रंगलं की तिचं तव्यावरचं लक्ष उडे आणि भाकरी करपे. मग कल्पेशसारखे कामगार ताटावर कुरकुरत, "नथूभाऊ, जरा रद्दी लिहा ना, आम्हाला नीट जेवू द्या." करपल्याचा वास आला नाही, तर नथू ते प्रकरण मुकाट्याने फाडून टाकी. अशा तीन कादंबऱ्या झाल्या. एकीला बक्षीस मिळालं, तेव्हा देवाआधी त्याने कोंडाबाईला नमस्कार केला होता.

चौथी कादंबरी तिच्यावरच होती. एक स्टोव्ह आणि दोन पातेली घेऊन परक्या गावात उतरलेली बाई. तिला रुचली नाही तर छापायची नाही, हे त्याने प्रकाशकालाही कळवलं होतं.

दुपारी तो उंबऱ्यावर बसून वाचू लागला. पान उलटलं, दुसरं उलटलं. करपल्याचा वास नाही. भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा नाही. बाई कंटाळून मागच्या दाराने गेली असावी, असं त्याला वाटलं. तरी त्याने शेवटपर्यंत वाचलं.

"राहू दे मावशी, नाही छापत," म्हणत तो वळला.

कोंडाबाई जागेवरच होती. परातीत पीठ कोरडंच, तवा थंड, हात मांडीवर.

"गॅस पेटवलाच नही, भो," ती डोळे पुसत म्हणाली. "आयुष्यभर लोकांना वाढलं. मले बसवून कोणी वाढलं नव्हतं. ते आज तू वाढलं. छाप."

नथूला वाटलं, एवढं देणारी ही बाई, आणि वर आपलेच आभार मानते आहे. त्याने तिला पाटावर बसवलं, पीठ मळलं, गॅस पेटवला आणि जमेल तशी पहिली भाकरी तिच्या ताटात वाढली.

ती करपली होती.